पालकांच्या सहभागासाठी मिळणारे १ लाख २० हजार रुपये कशावर खर्च करावेत?

प्रश्न — समितीची पालक-अध्यक्ष, सिंहगड रस्ता, पुणे

नमस्कार. माझी मुलगी पुणे महानगरपालिकेच्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत तिसरीत शिकते आणि गेल्या जुलैपासून मी त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. शाळेचा पट २०० च्या आसपास आहे. बहुतेक पालक बांधकामावर बिगारी काम करतात, घरोघरी धुणी-भांडी किंवा स्वयंपाक करतात, भाजीची गाडी लावतात, रिक्षा चालवतात किंवा सोसायट्यांमध्ये रखवालदार आहेत. बरीच कुटुंबे नांदेड, लातूर, सोलापूर आणि कलबुर्गीकडून आलेली असल्यामुळे अनेक घरांत मराठी ही दुसरी, कधी तिसरी भाषा आहे.

मागच्या पालकसभेला १९ पालक आले आणि त्यांतले ११ समितीचेच सदस्य होते. त्याआधीच्या वर्षी मोठा मेळावा झाला होता. मांडव घातला, पाहुणे बोलावले, दीड तास भाषण झाले. गर्दीही झाली, पण दुसऱ्या दिवसापासून शाळेत येणारे पालक पुन्हा तेवढेच राहिले.

आता आमच्या जवळच्या एका गृहसंकुलातील काही रहिवाशांनी वैयक्तिक वर्गणी काढून एका वर्षासाठी १ लाख २० हजार रुपये देऊ केले आहेत. त्यांच्या अटी दोनच आहेत. ही रक्कम वह्या-दप्तरांवर खर्च न करता पालक मुलांच्या शिक्षणाशी जोडले जातील अशाच कामावर खर्च व्हावी आणि वर्षअखेरीस पूर्ण हिशेब मिळावा. समितीत तीन मते आहेत. काहींना मोठा टीव्ही घ्यायचा आहे, काहींना पुन्हा मेळावा हवा आहे, आणि काहींचे म्हणणे असे की पालकांकडूनही दरमहा ५० रुपये घ्यावेत, म्हणजे त्यांना शाळा आपली वाटेल. मला यांपैकी एकही मत पटत नाही, पण त्याऐवजी काय करावे हे मला नीट मांडता येत नाही. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ — निवृत्त मुख्याध्यापिका, कोथरूड

ताई, तुम्ही प्रश्न योग्य वेळी विचारलात, कारण पैसा खात्यात जमा झाल्यावर तो खर्च करण्याची घाई होते आणि घाईत नेहमी वस्तूच विकत घेतल्या जातात. महापालिकेच्या शाळांमध्ये मी २९ वर्षे काम केले. त्या अनुभवावरून सांगते की पालक शाळेत येत नाहीत याचे कारण त्यांची उदासीनता हे क्वचितच असते. आपण पालकांना कशासाठी बोलावतो ते आठवून पाहा. मुलाने काच फोडली, मूल आठ दिवस आले नाही, आधार कार्डावरचे नाव जुळत नाही, बँक खाते जोडलेले नाही. म्हणजे शाळेतून निरोप आला की काहीतरी चुकले आहे, एवढेच पालक शिकतो. अशा जागी स्वतःची मजुरी बुडवून कोण येईल?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची जी कर्तव्ये दिली आहेत, त्यांत पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती देणे हे स्पष्टपणे नमूद आहे. सभा घेणे ही उपकाराची गोष्ट नव्हे, आणि त्या सभेचा विषय मुलाचे शिकणे हाच असला पाहिजे. मी शेवटच्या शाळेत एकच बदल केला होता. सभेत भाषण बंद केले. प्रत्येक पालकाने आपल्या मुलाच्या बाकावर मुलाच्या शेजारी बसायचे, मुलाने पुस्तकातला एक उतारा किंवा चार ओळी वाचून दाखवायच्या, एक गणित सोडवून दाखवायचे, आणि बाईंनी त्या बाकापाशी येऊन या मुलाला काय येते, पुढच्या महिन्यात काय यायला हवे आणि घरी काय करता येईल, एवढेच सांगायचे. माणशी दहा मिनिटे लागत. ज्या आईला स्वतःला वाचता येत नव्हते तिलाही आपले मूल अडखळते आहे की सरळ वाचते आहे हे कानाने कळत होते. दुसऱ्या सत्रात त्या सभांना पालक स्वतःहून येऊ लागले आणि वडीलही दिसू लागले.

आता पैशाविषयी. माझ्या मते यातला निम्मा पैसा माणसांवर खर्च करा. वस्तीतल्याच दोन स्त्रिया निवडा. त्या फार शिकलेल्या नसल्या तरी चालेल, पण त्यांना वस्तीतली घरे माहीत असावीत आणि त्यांतली एक तरी कन्नड किंवा लमाणी बोलणारी असावी. त्यांना महिन्याला प्रत्येकी ३ हजार रुपये मानधन द्या आणि त्यांच्याकडे एकच काम सोपवा, ते म्हणजे प्रत्येक घरी महिन्यातून एकदा जाणे. तक्रार घेऊन जायचे नाही. मूल काय शिकले ते सांगायचे, घरातल्यांचे म्हणणे ऐकायचे आणि ते शाळेत आणून पोहोचवायचे. शाळेतल्या शिक्षकांकडे सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याची इतकी कामे असतात की दरमहा २०० घरे फिरणे त्यांना खरोखर शक्य नाही. हे मान्य करूनच आखणी करावी.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडला आदिवासी वस्तीत काम नेले, तेव्हा मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तिथूनच अंगणवाडी ही कल्पना रुजली. अंगणात शिकवणे चालू असल्यावर आई काम करता करता ते पाहते, आजी ऐकते, आणि शिक्षणाविषयीचे परकेपण कमी होते. तुमच्या दोन स्त्रिया घरोघरी जातील तेव्हा तेच घडावे अशी माझी अपेक्षा आहे.

दरमहा ५० रुपयांच्या सूचनेला मात्र माझा ठाम विरोध आहे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो हे त्यांनी दाखवून दिले होते आणि निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली होती. ज्या पुण्यात १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली गेली, त्याच पुण्यात बिगारी काम करणाऱ्या बापाला शाळा आपली वाटावी म्हणून त्याच्याकडून पैसे मागावेत, हे मला मनापासून खटकते. ज्यांना ५० रुपये देता येणार नाहीत ते पालक शाळेच्या फाटकासमोरून मान खाली घालून जातील, आणि नेमके तेच आपल्याला आत यायला हवे आहेत.

उत्तर २ — लेखापाल, सदाशिव पेठ

मुख्याध्यापिका बाईंनी लिहिलेले वाचले. मी सार्वजनिक न्यासांचे हिशेब पाहतो, त्यामुळे पैशाच्या वाटेविषयी लिहितो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांना असतात. त्याच कलमात समितीच्या कामांमध्ये शासन, स्थानिक प्राधिकरण किंवा इतर कोणत्याही स्रोताकडून आलेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे काम दिले आहे. 'इतर कोणत्याही स्रोताकडून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. रहिवाशांनी दिलेला पैसा त्यांत येतो, म्हणून तो मुख्याध्यापकांच्या किंवा अध्यक्षांच्या व्यक्तिगत खात्यात एक दिवसही राहता कामा नये. आधी समितीच्या सभेत ठराव करा, रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून थेट समितीच्या खात्यात घ्या आणि तिची स्वतंत्र रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, ठेवा. शासकीय अनुदानाच्या नोंदींत ती मिसळली की अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाले असे उपयोगिता प्रमाणपत्र देताना मुख्याध्यापक अडचणीत येतात.

देणगीदारांना प्राप्तिकरात देणगीवरची सवलत हवी असेल तर मात्र त्यांना तशी मान्यता असलेल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत रक्कम द्यावी लागेल, आणि २ हजार रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीस पात्र ठरत नाही. अशी संस्था मधे घेतलीत तर मानधनही तिच्यामार्फत देता येते. मी हाच मार्ग सुचवीन. समितीने परस्पर मानधन दिले की उद्या ती व्यक्ती शाळेची कर्मचारी आहे का, असा प्रश्न लेखापरीक्षणात उभा राहू शकतो. मानधन एका वर्षापुरते आहे आणि काम अंशकालीन आहे हे लेखी द्या. पुढच्या वर्षी पैसा आला नाही तर त्या स्त्रियांना काय सांगायचे याचा विचार आजच करा, कारण पैसा संपताच बंद पडणाऱ्या कामामुळे वस्तीचा विश्वास आधीपेक्षा कमी होतो.

५० रुपयांविषयी कायद्याच्या बाजूने एक भर घालतो. प्रवेशाच्या वेळी अधिसूचित शुल्काव्यतिरिक्त कोणतीही देणगी किंवा वर्गणी घेण्यास कलम १३ मनाई करते. नंतर वर्षभरात मागितलेली वर्गणी ऐच्छिक आहे असे कितीही सांगितले, तरी ज्याचे मूल त्याच शाळेत बसले आहे त्याला ती ऐच्छिक वाटत नाही.

उत्तर ३ — एक आई, दांडेकर पूल

मी सांगते आहे आणि माझी मुलगी हे लिहिते आहे. मी सकाळी साडेसहा ते दुपारी दीडपर्यंत पाच घरी पोळ्या आणि स्वयंपाक करते. माझ्या मुलाच्या शाळेची सभा नेहमी सकाळी अकरा वाजता असते. सभेला जायचे तर दोन घरी खाडा होतो. एका बाईंनी एकदा पैसे कापले आणि दुसऱ्या बाईंनी बोलून दाखवले. तीन वर्षांत मी दोनदा सभेला गेले. त्या दोन्ही वेळी मला कागदावर सही करायला सांगितली आणि मुलाबद्दल कोणी काही बोलले नाही.

आमच्यासारख्यांसाठी दुपारी तीन ते पाच ही वेळ बरी असते. जे कारखान्यात जातात त्यांना पुष्कळ ठिकाणी गुरुवारी सुट्टी असते आणि बिगारी काम करणाऱ्यांना संध्याकाळी सातनंतरच वेळ मिळतो. म्हणून एकच सभा सगळ्यांना जमणार नाही, दोन किंवा तीन वेळा ठेवाव्या लागतील. शिवाय माझ्या जावेला दीड वर्षाचे बाळ आहे. ती सभेला आली तर बाळ रडते आणि सगळे तिच्याकडे बघतात, त्यामुळे ती येत नाही. सभेच्या वेळी लहान मुलांना सांभाळायला कोणी असेल आणि त्यांना खायला काही असेल तर पुष्कळ बायका येतील. यावर पैसे खर्च करा अशी माझी विनंती आहे.

मी सातवीपर्यंत शिकले आहे. मुलाला अभ्यासात मदत करावी असे मला रोज वाटते, पण काय विचारावे तेच कळत नाही. वहीत लाल शेरे दिसतात, पण त्यांचा अर्थ समजत नाही. कोणी मला आठवड्याला एक गोष्ट सांगितली की आज मुलाला हे विचार, हे मोजायला लाव, ही गोष्ट त्याच्याकडून वाचून घे, तर पोळ्या लाटतानाही मी ते करीन.

उत्तर ४ — शिक्षक प्रशिक्षक, हडपसर

वरच्या ताईंचे उत्तर मी दोनदा वाचले. समितीने आपली पहिली सभा तेच मोठ्याने वाचून सुरू करावी असे मला वाटते.

या विषयावर आपल्या देशात काळजीपूर्वक झालेला एक अभ्यास इथे उपयोगी पडेल. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, रुक्मिणी बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावपातळीवरील शिक्षण समित्यांविषयी प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. गावात अशी समिती आहे हेच बहुसंख्य पालकांना माहीत नव्हते. काही गावांत सभा घेऊन लोकांना समितीचे अधिकार समजावून सांगितले, काही गावांत त्याखेरीज मुलांना काय वाचता येते हे गावकऱ्यांनीच तपासावे म्हणून सोपी साधने दिली. या दोन्हींमुळे शाळेच्या कारभारातला सहभाग वाढला नाही आणि मुलांच्या शिकण्यातही फरक पडला नाही. ज्या गावांत त्यापुढे जाऊन गावातल्याच तरुणांना वाचनवर्ग घेण्याचे प्रशिक्षण दिले, तिथे मात्र वर्गांना आलेल्या मुलांचे वाचन स्पष्टपणे सुधारले. मी याचा अर्थ असा घेतो की 'तुमचे हक्क वापरा' एवढे सांगून सामान्य माणूस यंत्रणेशी झगडायला पुढे येत नाही, पण मुलासाठी आज संध्याकाळी हाताने करता येईल असे काम दिले तर तो ते करतो.

बिहार आणि राजस्थानात मातांसाठी साक्षरता वर्ग, घरी मुलांबरोबर करायच्या कृतींचे साहित्य आणि दोन्ही एकत्र, असे तीन प्रकार तपासले गेले. परिणाम फार मोठे नव्हते, पण मातांचा मुलांच्या अभ्यासातला सहभाग वाढला, गणितात थोडी प्रगती दिसली, आणि दोन्ही गोष्टी एकत्र दिल्या तिथे चित्र अधिक चांगले होते. महाराष्ट्रात शाळापूर्व तयारीच्या 'पहिले पाऊल' अभियानात माता गट तयार केले गेले, ते याच विचाराच्या जवळचे आहेत. शेजारच्या पाच-सहा आया, एक पुढाकार घेणारी, आणि दर आठवड्याला मुलाबरोबर करायची एक कृती एवढाच तो गट असतो. तुमच्या शाळेत पहिलीच्या वेळी असे गट झाले असतील तर ते शोधून काढा, कारण त्या स्त्रिया वस्तीतच आहेत आणि नव्याने सुरुवात करण्यापेक्षा त्यांना पुन्हा बोलावणे सोपे जाईल.

या कामासाठी कायमचा पैसा कुठून यावा, हा प्रश्न मला अधिक सतावतो. शालेय शिक्षणासाठीच्या केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेच्या २०१८ च्या आराखड्यात शाळेच्या किरकोळ खर्चासाठीचे संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार ठरवले गेले आणि १०० ते २५० विद्यार्थ्यांच्या शाळेसाठी ते वर्षाला ५० हजार रुपये होते. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. उरलेल्या रकमेत वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि शैक्षणिक साहित्य भागवताना पालकांसाठी काही शिल्लक राहत नाही. अमेरिकेत गरीब वस्त्यांतील शाळांसाठी जो केंद्रीय निधी 'टायटल वन' या नावाने दिला जातो, त्यात ५ लाख डॉलरपेक्षा अधिक रक्कम मिळणाऱ्या प्रत्येक शालेय जिल्ह्याला, म्हणजे तिथल्या स्थानिक शिक्षण यंत्रणेला, निदान १ टक्का रक्कम पालक आणि कुटुंबांच्या सहभागासाठी राखून ठेवावी लागते, तिचा किमान ९० टक्के भाग थेट शाळांकडे जावा लागतो आणि ती कशी वापरावी हे ठरवताना पालकांचे म्हणणे घ्यावे लागते. तिथली परिस्थिती वेगळी आहे हे मान्य आहे, पण राखीव रकमेची ती कल्पना आपण उचलावी. समितीने तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो. त्यात 'पालक सहभाग' हे खर्चाचे स्वतंत्र शीर्ष उघडा आणि त्यापुढे रक्कम लिहा. आज तिथे रहिवाशांचा पैसा दाखवता येईल. उद्या एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीकडे किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जाताना हेच शीर्ष आणि वर्षभराचा हिशेब तुमच्या हातात असेल.

टीव्हीची सूचना मात्र सोडून द्यावी. तो मुलांसाठी उपयोगी असेलही, पण पालकांचा त्याच्याशी काही संबंध येत नाही.

प्रश्न विचारणारीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी समितीची सभा झाली आणि दांडेकर पुलाच्या ताईंचे उत्तर मी तिथे वाचून दाखवले. टीव्हीचा आग्रह धरणाऱ्या एका सदस्यानेच नंतर सांगितले की त्याच्या पत्नीचेही असेच दोनदा पैसे कापले गेले आहेत. वर्गणीची सूचना मागे घेतली गेली.

खर्चाची आखणी अशी ठरली आहे. वस्तीतील दोन स्त्रियांना दरमहा प्रत्येकी ३ हजारांप्रमाणे दहा महिन्यांचे ६० हजार रुपये मानधन मिळेल आणि ते एका नोंदणीकृत संस्थेमार्फत दिले जाईल. घरी नेण्याच्या गोष्टींच्या पुस्तकांसाठी २५ हजार रुपये ठेवले आहेत. त्यांत कन्नड-मराठी अशी दोन भाषांतली पुस्तके मिळाली तर ती आधी घेऊ. महिन्यातून एकदा दोन वेळांत विभागलेली सभा, त्या वेळी लहान मुलांचा सांभाळ आणि खाऊ यांसाठी दर महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे दहा महिन्यांचे १५ हजार होतील. आठवड्याच्या कृतींची छपाई, फोन आणि प्रवास यांसाठी ८ हजार रुपये लागतील आणि उरलेल्या १२ हजारांना वर्षाच्या शेवटच्या तिमाहीपर्यंत हात लावायचा नाही. हा हिशेब दर महिन्याला शाळेच्या फाटकावरील फळ्यावर लिहायचा, असा ठरावही झाला आहे.

शाळा सुटताना फाटकाबाहेर चाळीसएक पालक भर उन्हात उभे असतात आणि तीच आमची रोजची खरी पालकसभा आहे, हे एका सदस्याने लक्षात आणून दिले. पुणे महापालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातील लहान कामांच्या सूचना क्षेत्रीय कार्यालयात घेते. त्यातून तिथे सावली आणि बसायला दोन बाक मिळवावेत असा आमचा विचार आहे. हा अर्ज कोणी केला असेल तर त्यात शाळेच्या भिंतीलगतच्या पदपथाचे काम कोणत्या शीर्षाखाली मागितले होते ते कृपया लिहावे. घरोघरी जाणाऱ्या स्त्रियांपैकी एक निश्चित झाली आहे. त्या कलबुर्गीकडच्या आहेत, त्यांचा मुलगा आमच्याच शाळेत चौथीत आहे, आणि सोमवारी दुपारी तीन वाजता त्या पहिल्या दहा घरी जाणार आहेत.